कच्चा खर्डा

अभयराव शेडग्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट तक्ता केल्याशिवाय घेतली नव्हती. फ्रीज घेताना तक्ता, धनकवडीतला फ्लॅट घेताना तक्ता, लेक पूर्वासाठी स्थळं बघताना तर दोन पानी तक्ता. तो तिनं फाडला आणि स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं, ही गोष्ट वेगळी. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची अकरा मुख्य लिपिक म्हणून. माणूस निवृत्त होतो, सवयी होत नाहीत. त्यामुळे बायकोचं गाणं साफ करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं असा प्रश्न पडला, तेव्हा ते आधी खाली जाऊन फुलस्केप कागद घेऊन आले.

प्रश्न साधा नव्हता. गेल्या वर्षी ललिताबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडची गाठ निघाली. गाठ साधी निघाली, जीव वाचला, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण आवाजाची एक नस दुखावली. "बोलता येईल," डॉक्टर म्हणाले, "हळूहळू भाजीवाल्याशी भांडताही येईल. गाणं मात्र आता धरून चालू नका." ललिताबाई तिथं हसल्या. घरी आल्यावर त्यांनी भजनी मंडळाच्या ग्रुपमधून नाव काढून घेतलं, आणि कुकर लावताना, पोळ्या लाटताना जे काही ना काही गुणगुणणं चालायचं तेही बंद झालं. तीस वर्षं अभयरावांनी त्या गुणगुणण्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मुका झालेला ओटा त्यांना खायला उठायचा. पेपर वाचता वाचता ते उगाचच आत जाऊन पाणी पिऊन यायचे.

ललिताबाईंच्या गाण्याचं एकच ध्वनिमुद्रण होतं. लग्नानंतरच्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, नव्या जावयानं नवा टेपरेकॉर्डर आंबेगावला सासुरवाडीला नेला होता. पडवीत बसून ललितानं एक गवळण म्हटली आणि सोजरबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, सूरपेटीवर साथ केली. सूरपेटी म्हणजे पट्ट्या नसलेली पेटी. एका हातानं भाता हलवत राहायचं आणि एकच सूर धरून ठेवायचा, म्हणजे गाणाऱ्याला त्याच्यावर उभं राहता येतं. सोजरबाई स्वतः कधी चार माणसांत गायल्या नाहीत. त्या काळी शेतकऱ्याच्या सुनेनं गायचं नसतं. लेकीच्या मागं सूर धरून बसायच्या, तेवढंच त्यांचं गाणं. त्यांना जाऊन आता बावीस वर्षं झाली होती.

ती कॅसेट अभयरावांनी बुधवार पेठेतल्या श्याम नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "काका, एकदाच चालवीन. पट्टीचा थर सुटतोय. दुसऱ्यांदा मागू नका." ती एकदा चालली, तीही पूर्ण नाही. शेवटचं कडवं सुरू असतानाच टेप तुटली. श्यामनं गाणं स्वतःकडे न ठेवता पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि कॅसेटचे अवशेष प्लास्टिकच्या पिशवीत.

गाणं होतं, पण त्यावर एवढी खरखर होती, की जणू शेजारी कुणी अखंड भजी तळतंय. ते साफ केल्याशिवाय ललिताबाईंना ऐकवायचं नाही, असं अभयरावांनी ठरवलं. पक्की प्रत झाल्याशिवाय कागद साहेबांच्या टेबलावर जात नाही, हा नियम.

मग सल्लागार आले. अभयरावांचा पुतण्या विश्वजीत जाहिरातींना संगीत देतो. त्याच्या मते संगीत बनवायचं, म्हणजे म्युझिक प्रॉडक्शनचंच सॉफ्टवेअर हवं. मुलगी पूर्वा हिंजवडीला कंपनीत. तिच्या मते ऑडिओ एडिटिंगचं फुकटातलं सॉफ्टवेअर पुरे. एकात नवं गाणं थरावर थर देऊन बांधता येतं, दुसऱ्यात असलेलं गाणं कापून-पुसून नीट करता येतं, एवढाच काय तो फरक. पण वाद असा पेटला की घरात दोन पक्ष झाले.

"काका, एडिटिंगवालं म्हणजे नुसती कात्री," विश्वजीत म्हणाला. "हे म्हणजे अख्खं टेलरिंगचं दुकान!"

"ब्लाउज कुणाला शिवायचाय?" ललिताबाई आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज आता घोगरा येत असे, पण धार शाबूत होती.

तक्ता तयार झाला. तेवीस मुद्दे, दोन रकाने. किंमत, शिकायला लागणारा वेळ, जुन्या संगणकावर चालेल का, मदत मराठीत मिळते का (दोन्हीकडे फुली). आठवडाभर बेरजा-वजाबाक्या होऊन दोन्ही बाजूंना सारखेच गुण पडले. तक्त्यांचं हे असंच असतं. मग एका रविवारी विश्वजीत स्वतःच येऊन संगणकासमोर बसला. त्यानं म्युझिक प्रॉडक्शनची तीस दिवसांची फुकट आवृत्ती घातली, काकूचं गाणं तिच्यात ओढलं आणि दुपारभर काहीबाही करून खाली तबला चढवला, वर व्हायोलिनं चढवली. ललिताबाई तेव्हा मंडईत गेल्या होत्या, ते बरंच झालं. गवळण आपल्या मनानं कुठं थांबत, कुठं रेंगाळत जाणारी. तबला मात्र रिकव्हरी एजंटासारखा मागं लागलेला.

अभयरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे," ते म्हणाले. "आता साडी नेसलेली बाई पळत येणार आणि कुठल्या तरी पावडरीचा डबा दाखवणार, असं वाटतं."

विश्वजीत हसून निघून गेला. तिसाव्या दिवशी, एकतिसाव्या नव्हे, अभयरावांनी ते सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकलं. मुदत संपली की संपली.

मग पूर्वाच्या पक्षाचं राज्य आलं. दोन महिने अभयराव एडिटिंग शिकले. व्हिडिओ बघून वहीत टिपणं काढली, टिपणांना समास आखला. गोंगाट काढायची युक्ती त्यांना फार आवडली. गाण्यातला असा एक तुकडा निवडायचा, जिथं कुणी गात नाही, नुसताच गोंगाट आहे. सॉफ्टवेअर तो गोंगाट ओळखून ठेवतं आणि मग सबंध गाण्यातून तेवढाच वेचून काढतं. असा तुकडा अगदी सुरुवातीलाच होता. आधी थोडं कुणाचं तरी बोलणं, ते त्यांनी 'अप्रस्तुत मजकूर' म्हणून कापून टाकलं. त्यानंतर गाणं सुरू होईपर्यंत वीस सेकंद नुसती खरखर आणि तिच्या खाली एकसारखी घूं. पंख्याची असणार, असं त्यांनी ठरवलं. आंबेगावच्या पडवीत पंखा कधी नव्हताच, हे त्यांना आठवायला हवं होतं. पण डावा कान जरा कमी, संगणकाचे स्पीकर दोनशे रुपयांचे, आणि काम फत्ते व्हायची घाई.

बटण दाबलं. खरखर गेली, घूंसुद्धा गेली. अभयरावांना धरणाचा दरवाजा स्वतः उघडल्यासारखं वाटलं.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जी चौतीस वर्षं रोज केली होती. पक्की प्रत झाली की कच्चा खर्डा ठेवायचा नाही. दोन प्रती राहिल्या की कोण कुठली पुढे पाठवेल सांगता येत नाही. एकदा चुकीचा खर्डा मंत्रालयात गेला होता आणि अभयरावांनी त्यापायी तीन महिने खुलासे लिहिले होते. तेव्हापासून हा नियम त्यांच्या हाडात मुरला होता. श्यामनं दिलेली मूळ फाईल त्यांनी काढून टाकली. पेनड्राइव्हवरूनही पुसली. कचरापेटीही रिकामी केली. टेबल स्वच्छ झालं.

गुरुवारी सकाळी ललिताबाई मेथी निवडत होत्या. अभयरावांनी त्यांना संगणकाच्या खोलीत आणून खुर्चीवर बसवलं आणि पूर्वानं दिवाळीला आणलेला मोठा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. असल्या चैनीला त्यांनी स्वतः आजवर हात लावला नव्हता. मग बाजूला उभे राहून ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

आधी चेहरा उजळला. मग कुणाला तरी शोधत असल्यासारखे डोळे इकडंतिकडं फिरले. दोनेक मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"अहो, सूरपेटी कुठंय?"

"कुठली सूरपेटी?"

"आईची. आई माझ्या मागंच बसली होती ना." त्यांनी हेडफोनकडे बोट केलं. "यात मी एकटीच गातेय."

ललिताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "नाही, छान साफ झालंय हो. किती खपलात." आणि मेथीकडे परत गेल्या.

त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं. 'तुम्हाला कुणी सांगितला होता उद्योग' असं म्हणाल्या असत्या तर अभयरावांनी नेहमीप्रमाणे प्रतिवाद केला असता. बायकोनं आपल्याला सांभाळून घेतलं, हे त्यांना सोसेना. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरं ऐकू आलं. घूं पंख्याची नव्हती. सोजरबाई भाता हलवत होत्या, आणि त्यांनी त्या माउलीलाच गोंगाट ठरवून मुळासकट उपटून टाकलं होतं. एवढंच नव्हे, ललिता जिथं जिथं फिरून मूळ सुरावर येत होती, तिथं तिथं तिचा स्वतःचा आवाजही पोकळ झाला होता. आईचा आणि लेकीचा सूर एकच होता. एकीला काढताना दुसरीचंही मांस निघालं होतं.

सासूबाईंना मी घालवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्रेसष्ट वर्षांच्या त्या गृहस्थाला दरदरून घाम फुटला.

त्यांनी पूर्वाला फोन लावला. ती कंपनीच्या बसमध्ये होती आणि बस वाकडच्या पुलावर, म्हणजे जिथं रोज असते तिथंच होती.

"बाबा, त्यात काय एवढं? ओरिजिनल उघडा आणि परत करा."

"ओरिजिनल नाही."

"नाही म्हणजे?"

"पक्की प्रत झाल्यावर कच्चा खर्डा मी—"

"रिसायकल बिनमध्ये बघा."

"तोही रिकामा केला. पेनड्राइव्हसुद्धा."

बसमधले हॉर्न तेवढे ऐकू येत राहिले. पूर्वा आपल्या बापाला ओळखून होती. ती ओरडली नाही. "बरं. आता कशालाही हात लावू नका. सॉफ्टवेअर चालू आहे? अन्डू होतंय का?"

"परवाच बंद केलं."

"कॅसेट?"

"पिशवीत आहे. शेवया झाल्यात."

मग पूर्वा एकदम म्हणाली, "विश्वजीतदादानं गाणं घेतलं होतं ना? तबला लावला तेव्हा?"

"ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. मुदत संपली होती."

"सॉफ्टवेअर जाऊ दे हो! त्याचं फोल्डर? ती सॉफ्टवेअरं मूळ गाण्याला हात लावत नाहीत बाबा. स्वतःची कॉपी करून घेतात आणि जे काय थर द्यायचे ते वरून देतात. फोल्डर डिलीट केलंत का?"

अभयराव खुर्चीत ताठ बसले. फोल्डर त्यांना चांगलं आठवत होतं. त्याचं नाव होतं 'काकू रिमिक्स', आणि ते नावच त्यांना इतकं असभ्य वाटलं होतं की काढून टाकायला हात शिवशिवले होते. पण ते विश्वजीतचं होतं. दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद त्याच्या सहीशिवाय नष्ट करायचे नाहीत, हाही नियमच होता, आणि खर्डा फाडण्याच्या नियमाहून जुना. विश्वजीतला विचारायचं म्हणून त्यांनी वहीत नोंद केली होती, आणि विचारायचं राहून गेलं होतं.

"आहे," ते म्हणाले. "प्रलंबित आहे."

"उघडा!"

उघडलं. आत तबल्याचे, व्हायोलिनचे तुकडे. आणखी आत एक फोल्डर, त्यात एक लांबलचक नावाची फाईल. अभयरावांनी हेडफोनची वायर उपटून टाकली आणि फाईलवर दोनदा टिचकी मारली.

भजी तळायला लागली. इतका सुंदर आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. आणि त्या खरखरीतून, त्यांनी अप्रस्तुत म्हणून कापलेल्या जागेवरून, सोजरबाई स्पष्ट म्हणाल्या:

"जावईबापू, चालू हाय का?"

"हो, चालू आहे," एकतीस वर्षांचा एक तरुण अदबीनं म्हणाला. "आपण सुरू करा."

मग भात्याची कुरकुर, आणि घूं.

"बाबा? बाबा, मिळालं का?" फोनमधून पूर्वा विचारत होती. अभयराव हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. छातीवरची शिळा कुणीतरी उचलून नेली होती. "मिळालं," ते शेवटी म्हणाले. "सासूबाई सापडल्या."

हाक मारायची गरजच पडली नाही. ललिताबाई मेथीची जुडी हातात घेऊनच दारात येऊन उभ्या होत्या. आईचा आवाज त्यांनी ओट्यापाशी ऐकला होता. त्या खाली फरशीवरच बसल्या आणि सबंध गाणं तसंच ऐकलं, खरखरीसकट. मधे एका ठिकाणी हरकत छान गेली, तेव्हा मागून सोजरबाई हळूच म्हणाल्या, "आस्सं," आणि ललिताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटच्या कडव्यात, अर्ध्या ओळीवर, कट्कन टेप तुटली.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या.

"एवढंच. तिथं तुटली."

"तुटू दे. आई आहे ना तोवर." मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी आणू का? स्वतः कचेरी जाळून आल्यासारखे दिसताय."

त्या संध्याकाळी अभयरावांनी त्या फाईलच्या पाच प्रती काढल्या. एक पूर्वाला, एक विश्वजीतला, एक बँकेच्या लॉकरसाठी. तक्ता पुन्हा बाहेर आला. तेवीस मुद्द्यांखाली त्यांनी चोविसावा लिहिला, 'कच्चा खर्डा जपते का?', आणि म्युझिक प्रॉडक्शनच्या रकान्यात बरोबरची खूण केली. शनिवारी रीतसर पैसे भरून ते सॉफ्टवेअर विकत घेतलं.

"काका, तबला नकोय, व्हायोलिन नकोय, मग घेतलंत कशाला?" रविवारी माइक घेऊन आलेल्या विश्वजीतनं विचारलं.

"ज्यानं अब्रू राखली, त्याचं देणं लागतं," अभयराव म्हणाले. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. गुरुवारपासून ती तुटलेली अर्धी ओळ त्यांच्या कानात अडकून होती. इतके महिने ते काय काय काढायचं याचाच विचार करत बसले होते. आता त्यांना काही काढायचं नव्हतं, जरा जोडायचं होतं.

त्यांनी स्टूल लावलं आणि माळ्यावरून जुन्या शालीत गुंडाळलेली सूरपेटी खाली काढली. आंबेगावचं घर बिल्डरला गेलं तेव्हा ललिताबाईंनी तेवढी एकच वस्तू मागून आणली होती, आणि त्यानंतर कधी उघडली नव्हती. भात्याचा एक कोपरा उसवला होता. त्याला अभयरावांनी खाकी चिकटपट्टी लावली. ललिताबाई ती मांडीशी घेऊन बसल्या आणि त्यांनी भाता हलवला. पेटी आधी खोकली, मग सूर लागला. तो तोच सूर होता. सोजरबाईंनी शेवटची लावलेली कळ बावीस वर्षांत कुणी हलवलीच नव्हती.

विश्वजीतनं माइक जवळ सरकवला. पडद्यावर गाण्याखाली एक नवा रिकामा पट्टा उघडला. "काकू, वर काकूंचं गाणं जसंच्या तसं चालेल. तुम्ही फक्त सूर धरा. जिथं टेप तुटते तिथं थांबू नका." आपण काकूला काकूंबद्दलच सांगतोय हे लक्षात येऊन तो स्वतःच हसला.

गाणं सुरू झालं. पंचवीस वर्षांची ललिता गात होती, मागं तिची आई होती, आणि खाली सत्तावन्न वर्षांच्या ललिताबाई, डोळे मिटून, आईसारख्याच किंचित डावीकडे झुकून भाता हलवत होत्या. शेवटचं कडवं आलं. अर्धी ओळ आली. कट्. गाणं गेलं, सोजरबाईही गेल्या. पण सूर पडला नाही. तो तसाच, एकटा, खोलीभर उभा राहिला. आणि त्या सुरावर ललिताबाईंनी उरलेली अर्धी ओळ गायली नाही, नुसती म्हटली. घोगऱ्या, खालच्या आवाजात, जपून, एकेक शब्द ठेवत. मग भाता हळूहळू थांबला.

विश्वजीतनं मान हलवून झालं म्हणून खूण केली. सुट्टी म्हणून आलेली पूर्वा नाक पुसत होती.

"खरखर आली असेल ना माझ्या आवाजात?" ललिताबाईंनी डोळे उघडून विचारलं. "काढून टाका हवी तर."

"काही काढायचं नाही," अभयराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत होते. आत कुकर लावला गेला, पोळपाट खाली आला. आणि मग ओट्याकडून, घोगऱ्या आवाजात, वरच्या सुराच्या वाटेला न जाता, खालच्या खाली कुणीतरी गुणगुणू लागलं. अभयरावांनी पेपर मांडीवर ठेवला. पाणी प्यायला आत जावं असं त्यांना वाटलं, पण ते उठले नाहीत. आपण गेलो तर ती थांबेल, म्हणून ते तहानलेलेच बसून राहिले.